चौथ्या खुर्चीवरचा प्रेक्षक

मल्लिनाथ बिराजदारांना कंटाळा आला, की ते त्यांच्या आधी खुर्चीला कळायचं. साधारण साडेतीन सेकंद आधी.

ही खुर्ची सोलापुरात, होटगी रोडवरच्या एका तीनमजली इमारतीत होती. ‘लक्षवेध’ नावाच्या कंपनीनं तिथं अशा आठ खुर्च्या मांडल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी दहा ते दुपारी चार, आठ माणसांनी येऊन बसायचं आणि मालिका पाहायच्या. एक भाग संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा. मध्ये दोनदा चहा आणि एकदा जेवण.

लक्ष उडायला लागलं की डोळ्याची बाहुली किंचित आकसते, पापण्यांची लय बिघडते, बोटांच्या टोकांचा ओलावा कमी होतो. यात नवं काही नव्हतं. नवा शोध वेगळाच होता. लाखो प्रेक्षकांच्या लक्षाचे आलेख एकावर एक ठेवले तर सरासरीची एक रेषा मिळते. दर अकरा-बारा हजारांत एखादा माणूस असा निघतो की त्याची एकट्याची रेषा या सरासरीवर जवळजवळ तंतोतंत बसते. तो फार हुशार नसतो, फार रसिकही नसतो. जिथं सगळ्यांचं मन गुंततं तिथं त्याचं गुंततं, जिथं सगळे कंटाळतात तिथं तो कंटाळतो. अशी आठ माणसं सापडली की कोटभर लोकांना विचारायची गरज उरत नाही. त्यांना ‘प्रमाण प्रेक्षक’ म्हणत.

मल्लिनाथांना हा शब्द ऐकताक्षणी आवडला होता. वजन-मापं तपासणाऱ्या खात्यात त्यांनी एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली होती. दुकानातली वजनं ज्याच्याशी ताडून पाहायची ते प्रमाण वजन मखमलीच्या पेटीत असतं. त्याला हात लावायचा नसतो, चिमट्यानं उचलायचं असतं. बोटाचा घाम लागला तरी ते तेवढ्यानं जड होतं, आणि मग त्याच्यावर तपासलेलं सगळंच चुकतं. निवृत्तीनंतर आपणच असं वजन झालो आहोत, ही कल्पना त्यांना सुखावून गेली.

इथं मत मात्र कुणी विचारत नसे. खुर्च्या सांभाळणारी भाग्यलक्ष्मी गुंडेटी पहिल्याच दिवशी म्हणाली होती, ‘काका, आवडलं-नावडलं सांगायचं नाही. मत नंतर तयार होतं, आणि ते तयार करताना माणूस स्वतःला सांभाळून घेतो. लक्ष सांभाळता येत नाही.’

दिवसाची सुरुवात जुन्या मालिकेनं व्हायची. तीस-चाळीस वर्षांपूर्वीची, जरीच्या साड्या नेसून झोपणाऱ्या बायकांची एखादी मालिका. लोकांनी तेव्हा ती कशी पाहिली याची नोंद कंपनीकडे होती. तिच्याशी आजची रेषा जुळली की खुर्ची शून्यावर आली असं मानायचं आणि मग नवी मालिका लावायची. काटा शून्यावर आणल्याशिवाय वजन करायचं नाही, हे मल्लिनाथांना समजावून सांगावं लागलं नाही.

मालिकांविषयी आपसात बोलायलाही बंदी होती. ती बंदी चहाच्या टेबलावर पाचव्या खुर्चीवरचे इस्माईल नदाफ रोज मोडत. नदाफ एसटीतून निवृत्त झालेले वाहक.

‘जुन्या मालिकेत बाई दार उघडायला जायची तर तीन भाग लागायचे,’ ते म्हणत. ‘तिचं तोंड, सासूचं तोंड, देव्हाऱ्यातल्या देवाचं तोंड. तोवर आम्ही दळण आणून यायचो. आणि आता? आता दार उघडायच्या आत माणूस मरतो. बे, जरा श्वास तरी घेऊ द्या की त्याला!’

‘नदाफ, आवाज कमी.’

‘तुम्ही सांगा, बिराजदार. जुनं बरं का नवं?’

‘ठीक आहे दोन्ही.’

‘चार वर्षं झाली, या माणसाच्या तोंडून ठीक आहे सोडून काही निघालेलं नाही,’ नदाफ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत.

आठ रेषा कंपनीच्या यंत्रात जात. ज्याची रेषा आजवर लोकांशी जास्त जुळली त्याचं वजन यंत्र जास्त धरायचं. चौथी खुर्ची मल्लिनाथांची. तिचं एकटीचं वजन तिसऱ्या हिश्शाइतकं होतं. आता मालिकांमधली माणसंही यंत्रानंच रंगवलेली असत. नटांच्या तारखा, सेट, प्रकाशयोजना यांचा प्रश्न उरला नव्हता. कुठं काय वाढवायचं हे यंत्र लेखकाला कळवायचं, लेखकानं दोन दिवसांत बदललं की नवी आवृत्ती पुन्हा खुर्च्यांसमोर यायची. तीन-चार फेऱ्या झाल्या की मालिका लोकांसाठी खुली होई.

जूनच्या दुसऱ्या बुधवारी ‘मालिका ११७’ लागली. लेखकाचं नाव नाही, शीर्षक नाही. अशीच येत सगळ्या.

तिसऱ्या भागात एक स्वयंपाकघर होतं. सकाळचे सात. चाळिशी ओलांडलेली बाई स्टुलावर बसलेली, चेहरा सुजलेला. तिचा नवरा स्टीलच्या मापानं पाणी मोजून बाटलीत ओततो. आठशे मिलिलिटर. ‘आजचं एवढंच,’ तो म्हणतो. तिच्या मूत्रपिंडांनी काम थांबवलंय, आठवड्यातून दोनदा डायलिसिस होतं, मधल्या दिवसांत जास्त पाणी प्यायली तर ते अंगात साठतं. संध्याकाळी तो तिला वजनकाट्यावर उभं करतो. ती चढणार तेवढ्यात हात पुढं करून म्हणतो, ‘बांगड्या काढ. उगाच चौदा ग्रॅम.’

मल्लिनाथांच्या छातीत काहीतरी आदळलं.

बांगड्यांचं जगात तिघांनाच ठाऊक होतं. त्यांना स्वतःला, सहा वर्षांपूर्वी गेलेल्या त्यांच्या बायकोला, सुमंगलाला, आणि गिरिजाला.

गिरिजा त्यांची एकुलती मुलगी. पुण्यात कॉलेजात शिकवायची, दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली. ‘काहीतरी लिहितेय अप्पा, अजून पक्कं नाही, पक्कं झालं की सांगते,’ म्हणाली होती. जानेवारीत कंपनीचा वार्षिक फॉर्म भरताना ‘जवळचं कुणी मालिकांच्या कामात आहे का’ या रकान्यात मल्लिनाथांनी ‘नाही’ लिहिलं होतं. पक्कं नसलेलं ते कधी लिहीत नसत.

‘काका, आज काय झालं?’ चार वाजता हाताची पट्टी सोडवताना भाग्यलक्ष्मी म्हणाली. ‘तुमची रेषा छताला लागली होती. चार वर्षांत असं नव्हतं झालं. फारच आवडली वाटतं!’ मग जीभ चावून म्हणाली, ‘सांगू नका, सांगू नका.’

ते घरी चालत गेले. रिक्षात बसवेना. बसलं की पाय हलायचे.

पुढच्या दहा दिवसांत ११७ दोनदा लागली. पहिल्या आवृत्तीतला नवरा घाबरलेला होता. घाबरून मोजणारा. दुसऱ्या आवृत्तीत तो ओरडू लागला. काट्याचा प्रसंग दीड मिनिटाचा होता तो सहा मिनिटांचा झाला. तिसऱ्या आवृत्तीत त्यानं बायकोच्या हातातल्या बांगड्या उंबऱ्यावर आपटून फोडल्या.

काय चाललंय हे मल्लिनाथांना नीट कळत होतं. काटा दिसला की त्यांचं काळीज उडायचं. खुर्ची ते टिपायची. यंत्राला त्यात दुःख दिसत नव्हतं, लाज दिसत नव्हती. त्याला फक्त एवढं दिसत होतं की या जागी माणसाची नजर हलत नाही. मग ते सांगायचं, इथं वाढवा. वाढवलं की मल्लिनाथांचं काळीज आणखी उडायचं. त्यांच्याच नाडीनं त्यांना आठवड्याला एक पायरी खाली नेलं होतं.

रविवारी सकाळी गिरिजा आली. डोळ्यांखाली काळं, खांद्याला लॅपटॉपची बॅग. ‘आठ दिवस राहते. पुण्यात लिहवत नाही.’

मल्लिनाथांनी भाकरी थापल्या, शेंगाची चटणी काढली. सुमंगला गेल्यावर ते स्वयंपाक शिकले होते आणि पीठ आजही मोजून घेत.

‘काय लिहितेस एवढं?’ त्यांनी ताटाकडे पाहत विचारलं.

‘सांगायचं नसतं, करार असतो. पण तुम्ही कुणाला सांगणार आहात? मालिका आहे. एका घराची. मी आठ भाग लिहिले होते, अप्पा. आठच. आता म्हणतात सव्वीस करा.’

‘का?’

‘कारण कुठंतरी आठ माणसं बसवलीत खुर्च्यांवर, त्यांना मजा वाटतेय म्हणून!’ तिनं भाकरीचा तुकडा तोडला आणि तसाच ताटात टाकला. ‘गोष्टीत एक नवरा आहे. मी त्याला वाईट नव्हता लिहिला हो. मोजणारा माणूस होता, बस. बायको हातातून जातेय म्हणून मोजत राहणारा. पण मला आलेख पाठवतात ना दर आठवड्याला, त्यात एक चौथी खुर्ची आहे. तो नवरा बाईला छळायला लागला की ही चौथी खुर्ची नुसती पेटते. बाकीचे सात बरे आहेत. हा एक विकृत आहे.’

मल्लिनाथांनी ताकाची वाटी उचलली, आणि तशीच परत ठेवली.

‘कोण असेल हो असा?’ ती म्हणाली. ‘बायकोला मारणारा असणार. भेटला ना मला कधी, तर अशी कानाखाली ठेवून देईन. म्हणेन, काका, उठा आधी त्या खुर्चीवरून!’

‘काकाच कशावरून?’

‘असणारच. रिकामटेकडा, रिटायर्ड.’ ती हसली. ‘तुम्हाला नाही म्हणत. तुम्ही कुठं मालिका बघता.’

त्यांनी तिला सांगितलं होतं की ते होटगी रोडला एका ज्येष्ठांच्या वाचनालयात जातात. कंपनीचा करार तसाच होता. घरातही सांगायचं नाही.

जेवण झाल्यावर ते अंगणात गेले, परत आले, कपाट उघडलं, बंद केलं. गिरिजा म्हणाली, ‘अप्पा, बसा की एका जागी.’

सोमवारी त्यांनी ठरवलं, आज काही वाटू द्यायचं नाही. काट्याचा प्रसंग आला की सतराचा पाढा उलटा म्हणायचा. पण त्याआधीच भाग्यलक्ष्मीनं मान हलवली. जुनी मालिका चालू होती, सासू पायऱ्या उतरत होती, आणि नेहमी शांत असणारी मल्लिनाथांची रेषा तिथंही थरथरत होती.

‘काका, शून्य लागत नाहीये.’ तिनं पट्टी तपासली, पुन्हा लावली, दुसरा जुना भाग लावला. वीस मिनिटांनी रेषा कशीबशी बसली. तिनं ‘चालेल’ म्हणून खूण केली.

मल्लिनाथांनी आयुष्यात असा काटा चालू दिला नव्हता. शून्य लागत नसलेला काटा ते जागेवर सील करत, दुकानदार कितीही हातापाया पडला तरी.

पाढ्याचा उपयोग झाला नाही. एकशे सत्तर, एकशे त्रेपन्न, आणि पडद्यावर बांगडी फुटली.

चहाला नदाफ गप्प होते. शेवटी म्हणाले, ‘हा नवरा मला पटत नाही, बे. पहिल्यांदा बरा होता. आपल्यातला वाटायचा. आता राक्षस केलाय त्याला.’

‘मग बघता कशाला?’ मल्लिनाथ एवढ्या जोरात म्हणाले की कप हलला.

‘नजर हटत नाही, ते खरंय,’ नदाफ म्हणाले. ‘रस्त्यात अपघात झाला तर आपण बघतोच की. म्हणून काय तो आवडतो?’

जेवणानंतर सहावा भाग लागला. हा भाग आधी खुर्च्यांसमोर आलाच नव्हता. दुपारची वेळ. नवरा खोलीबाहेर गेलाय. बाई मुलीकडे नुसती बघते. मुलगी आधी नाही म्हणते, मग माठातून पेला भरून आणते. बाई तो एका दमात पिते, मुलीच्या पदराला तोंड पुसते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीत पाणी भरतं आणि ती जाते. पुढचे दोन प्रसंग मुलगी एकटीच आहे. ती रिकामा पेला घासते. पुन्हा घासते. ती कुणालाही सांगत नाही की आईला आपण मारलं.

मल्लिनाथांना हे ठाऊक नव्हतं.

पट्टी, दिवे, पडदा, सगळं त्यांच्यापासून लांब गेलं. गिरिजा सहा वर्षं हे घेऊन फिरत होती. दर दिवाळीला येत होती, चटणी बांधून नेत होती, आणि हे सोबत वागवत होती.

चार वाजता ते उठले नाहीत. सगळे गेल्यावर भाग्यलक्ष्मीला म्हणाले, ‘एक नियम विचारायचा होता. प्रमाण प्रेक्षकाचं आणि लेखकाचं नातं निघालं, तर?’

‘कुणाचं निघालंय?’

‘नियम विचारतोय.’

ती सावध झाली. ‘त्या मालिकेची खुर्च्यांनी घेतलेली सगळी वाचनं रद्द. मालिका बाजूला. वर्षभर तरी कुणी हात लावत नाही, आणि नंतरही सहसा नाहीच. नवा लेखक असेल तर संपलंच त्याचं.’

‘आणि माणूस नुसताच सोडून गेला, कारण न देता?’

‘मग वाचनं तशीच राहतात. मालिका आहे तशी पुढं जाते. ऑगस्टमध्ये ११७ लोकांसमोर येईल…’ ती थांबली. ‘काका, तुम्ही ११७चंच विचारताय का?’

‘परवा सांगतो,’ मल्लिनाथ म्हणाले.

घराकडे जाताना त्यांनी सिद्धेश्वर तलावाला दोन फेऱ्या मारल्या. बोललं तर पोरीची मालिका जाते. गप्प राहिलं तर मालिका राहते, पण तिच्या आईच्या मरणाचे सव्वीस भाग तिला स्वतःच्या हातानं लिहावे लागतात, आणि तिचा बाप राक्षस म्हणून घराघरांत जातो. बापाचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. पण तो पेला सव्वीस भागांत किती वेळा घासला जाईल, हा हिशेब त्यांच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या फेरीला त्यांच्या लक्षात आलं, की आपण पुन्हा तेच करतोय. दुसऱ्याच्या वाट्याचं किती ते आपणच ठरवतोय. सुमंगलाला एकदाही विचारलं नव्हतं, की तुला किती हवंय.

गिरिजा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. साडेपाच वाजले होते, खिडकीतून ऊन तिच्या हातांवर पडलं होतं.

मल्लिनाथ उभ्यानंच म्हणाले, ‘चौथ्या खुर्चीवर मी बसतो.’

तिला आधी कळलंच नाही. मग ती हसली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून थांबली.

‘वाचनालय?’

‘नाही. चार वर्षं तिथंच जातोय. सांगायची बंदी होती. तुझं आहे हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या भागात बांगड्या आल्या तेव्हा कळलं.’

‘म्हणजे तुम्ही…’ ती उठली. खुर्ची मागं पडली, तिनं उचलली नाही. ‘तुम्ही बघत होतात? सगळं? आणि रविवारी मी इथं बसून बडबडले, तेव्हा तोंड उघडता आलं नाही तुम्हाला?’

‘नाही आलं.’

‘तुमच्यामुळं मी त्या माणसाला… अप्पा, मी तुम्हाला बांगड्या फोडायला लावल्या! दोन रात्री मला जेवण गेलं नाही. आणि ते तुम्हाला बघवत होतं?’

‘बघवत नव्हतं. खुर्चीला त्यातला फरक कळत नाही.’

ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, परत आली. बसायला दोघांपैकी कुणीच तयार नव्हतं. मल्लिनाथांनी भाग्यलक्ष्मीनं सांगितलेला नियम तिला जसाच्या तसा सांगितला. दोन्ही बाजू सांगितल्या, कुठलीही झुकवली नाही.

‘कळवायला मी आत्ता तयार आहे,’ ते म्हणाले. ‘पण मालिका तुझी आहे. तू म्हणशील ते.’

‘वा! दोन वर्षं मी नोकरी सोडून बसलेय, आणि आता ठरवायचं माझ्यावर टाकताय.’

‘टाकत नाही. विचारतोय. विचारायची सवय नाही मला, म्हणून तसं वाटत असेल.’

 मग तिनं हळूच विचारलं, ‘सहावा भाग लागला?’

‘आज लागला.’

‘पाहिलात?’

‘पाहिला.’

तिनं टेबलाची कड धरली. इतकी वर्षं ज्या क्षणाला ती घाबरत होती तो हाच, हे त्यांना दिसत होतं.

‘त्यात चूक आहे,’ मल्लिनाथ म्हणाले.

‘काय?’

‘मुलीला वाटतं तिनं आईला मारलं. ते चूक आहे. आपल्याकडचा पेला दोनशेचा. दोनशे मिली म्हणजे दोनशे ग्रॅम. त्या संध्याकाळी मी वजन केलं तेव्हा वाढ होती दोन किलो सहाशे. दोन किलोच्या वर गेलं की डॉक्टर म्हणायचे, थांबू नका, लगेच आणा. तुझा पेला वजा कर. दोन चारशे उरतात. तू पाणी दिलं नसतंस, तरी ती वरच होती.’

गिरिजानं बोटांवर ती वजाबाकी पुन्हा केली.

‘डॉक्टरांना रोज फोनवर आकडा सांगायचो,’ ते पुढं म्हणाले. ‘त्या दिवशी मी एक किलो नऊशे सांगितला.’

‘का?’

‘खरा सांगितला असता तर तासाभरात तिला न्यावं लागलं असतं. सुया, नळ्या. एकतीस वर्षांत मी एकही आकडा खोटा लिहिला नाही, गिरिजा. तेवढा एक सांगितला. म्हटलं, उद्या सकाळी नेऊ. सकाळी ती झोपली होती म्हणून दुपारी नेऊ म्हटलं. तुझ्या गोष्टीत हा माणूस नाहीच. जो आहे त्यानं आकडा खरा सांगितला असता.’

 

‘सहा वर्षं,’ गिरिजा म्हणाली. ‘सहा वर्षं तुम्ही हे…’

‘तूही.’

‘मला सांगायला मी काय लहान होते?’

‘अठ्ठावीस वर्षांची होतीस. मी अठ्ठावन्नचा होतो. त्यात काही फरक पडला नाही.’

तिला रडू येईल असं त्यांना वाटलं. ती रडली नाही. तिला राग आला होता, आणि तो कुठं ठेवावा हे कळत नव्हतं. ती म्हणाली, ‘पण असं केलंत कशासाठी? सुया काय रोजच्याच होत्या. त्याच दिवशी का?’

मल्लिनाथांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. खुर्ची असती तर तिला आधीच कळलं असतं.

‘हसत होती,’ ते म्हणाले. ‘त्या संध्याकाळी ती हसत होती. चार-पाच महिन्यांत पहिल्यांदा. पाण्यानं असेल. तुझ्या पेल्यानं. मला वाटलं, एवढी संध्याकाळ राहू दे तिची.’

गिरिजा टेबलाशी आली. लॅपटॉपवर एकामागून एक भागांच्या फायली होत्या. आवृत्ती एक, आवृत्ती दोन, आवृत्ती तीन. ती त्यांवरून बोट फिरवत राहिली, एखादा कागद हरवल्यासारखी.

‘माझ्या आठ भागांत आई एकदाही हसत नाही, अप्पा,’ ती म्हणाली. ‘त्यांच्या सव्वीसांत तर नाहीच.’

मग तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. ‘त्या बाईंचा पत्ता सांगा. भाग्यलक्ष्मी ना? तुम्ही सांगा, मी लिहिते. खाली दोघांची नावं घालू.’

‘मालिका जाईल.’

‘जाऊ दे. ती आपली नव्हतीच.’

पत्र सहा ओळींचं झालं. नातं, तारखा, किती आवृत्त्या पाहिल्या, सोमवारी शून्य लागत नव्हतं तरी वाचन धरलं गेलं. हे शेवटचं मल्लिनाथांनी आग्रहानं घालायला लावलं. गिरिजानं ते पाठवलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. दोघांचीही नोंदणी थांबवली आहे, मालिका ११७ पुढील सूचनेपर्यंत बाजूला ठेवण्यात येत आहे.

तिनं उत्तर दोनदा वाचलं. दोन वर्षं त्या तीन ओळींत मावली होती. तिनं पडलेली खुर्ची उचलून सरळ केली आणि पहिल्यांदाच खाली बसली. समोरची खुर्ची पायानं पुढं सरकवली.

‘बसा,’ ती म्हणाली. ‘कशाला हसली आई?’

मल्लिनाथ बसले.

‘मी म्हटलं, बांगड्या काढ. ती म्हणाली, रोज माझंच करता, आज तुम्ही पण चढा. म्हटलं, खुळी आहेस काय. तिनं माझा शर्ट धरून ओढलं. एवढासा काटा, दोघांचे चार पाय मावेनात. एकमेकांना धरून उभं राहिलो. एकशे सव्वीस दाखवायला लागला. ती खाली वाकून आकडा वाचायला लागली आणि म्हणाली, घ्या, लावा डॉक्टरांना फोन, सांगा एका दिवसात एवढं वाढलं म्हणून. आणि मग हसायलाच लागली. थांबेना. मला म्हणाली, पडेन, सोडू नका.’

‘मग?’

‘नाही सोडलं. खूप वेळ तसंच उभं होतो.’

गिरिजानं लॅपटॉप मिटून बाजूला सारला. दोन्ही कोपर टेबलावर टेकवून ती पुढं झुकली.

‘पुन्हा सांगा,’ ती म्हणाली. ‘पहिल्यापासून.’